उतरताना वाजणारा गुडघा

प्रेमाचा उगम नजरेत होतो, असं आजवरच्या सगळ्या जाणत्या मंडळींनी एकमुखानं सांगून ठेवलं आहे. नजरेला नजर भिडते, काळ थबकतो, आणि दोन जीव जन्मोजन्मीची ओळख पटल्यासारखे उभे राहतात... या सिद्धांताला धक्का लावण्याची आमची प्राज्ञा नाही. पण जी हकीकत सांगायची आहे, तिच्यात नजरेचा काडीचाही संबंध नव्हता. ती सुरू झाली एका पाठमोऱ्या माणसाच्या उजव्या गुडघ्यापासून.

त्या संध्याकाळी लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याला कुलूप लावून ती जिना उतरत होती. ती म्हणजे आपली नायिका. वय अठ्ठावीस, धंदा लोकांचे सांधे ताळ्यावर आणणे. तिच्या चार पायऱ्या पुढे एक उंच, रुंद पाठीचा तरुण उतरत होता. खांद्यावर लांब पिशवी, पिशवीतून डोकावणारी बॅटची मूठ, पँटवर मांड्यांपर्यंत पांढरी धूळ. आणि दर दुसऱ्या पायरीला एक आवाज.

कट्ट.

दुसरी कुणी असती तर तिनं ती पाठ पाहिली असती. हिनं आवाज मोजले. एका मजल्यात नऊ.

"उजवा," ती म्हणाली.

तो थांबला. "काय?"

"गुडघा. उजवा. उतरताना वाजतो. चढताना वाजत नसणार."

तो वळला. उन्हानं रापलेला चेहरा, डाव्या भुवईवर जुना व्रण, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर बघू. तिनंही नंतरच पाहिले.

"म्हणजे तुम्ही मागून येऊन माझा गुडघा ऐकत होतात?"

"मी कुठे ऐकत होते? तोच सांगत होता."

"आणखी काय काय सांगितलं त्यानं?"

"मालक आपलं ऐकत नाही म्हणाला."

तो हसला. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "बेसबॉल खेळतो मी. कॅचर आहे."

दातांच्या डॉक्टरसमोर कुणी 'माझं चॉकलेटचं दुकान आहे' असं अभिमानानं सांगावं, तसं तिला झालं. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा एक माणूस असतो. पिचर चेंडू फेकतो, हा झेलतो, परत देतो, आणि पुन्हा बसतो. सामनाभर हेच. बाकीचे सातजण मैदानभर उभे राहून टोप्या नीट करतात. हा आपला बसतो, उठतो, बसतो.

"उद्या दहा वाजता या," ती म्हणाली. "तिसरा मजला."

"लिफ्ट बंद आहे."

"म्हणूनच या. उतरताना पुन्हा ऐकायचाय."

*

दवाखान्याच्या दाराशी टेबल टाकून तिची मावशी बसत असे. मावशी पोस्टातून निवृत्त झालेली. माणूस दिसला की त्याला रांगेत उभं करायचं, ही सवय अजून सुटली नव्हती. समोर एकच पेशंट असला तरी त्याची रांग करायची. तिनं त्याच्याकडून कार्ड भरून घेतलं, वाचलं, चष्म्यावरून त्याला एकदा निरखलं आणि आत सोडलं.

दोन पावलं टाकून तो थांबला. टाचेनं जमिनीवर टकटक केलं. मान कलती करून ऐकलं.

"ही फरशी पोकळ आहे."

"विषय बदलू नका," ती म्हणाली. "आडवे व्हा."

तिनं गुडघा वाकवला, वळवला, वाटीखाली अंगठा दाबला. त्यानं छताकडे बघत ओठ आवळले. मग तिनं टेप लावून सेंटिमीटरमध्ये घेर मोजला. साडेएकोणचाळीस. डावा सदतीस.

"वाटीखालचा जाड पट्टा आहे ना, तो सुजलाय. आतून झिजायला लागलाय. आजपासून शहाण्यासारखं वागलात तर आणखी दहा वर्षं खेळाल. नाही वागलात तर पुढच्या वर्षी या दिवसांत जिना बसून उतराल. एकेक पायरी... लहान मूल उतरतं तसा."

तो कोपरांवर टेकून उठला. मग हळूच म्हणाला, "आणि काम?"

"कामालाही पाय लागतातच ना?" कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात सही ठोकत ती म्हणाली. मान वर केली असती तर त्याचा पडलेला चेहरा तिला दिसला असता. पण मान वर केली नाही. "सामन्यात किती वेळा बसता?"

"कधी मोजलं नाही."

"पिचरचे चेंडू मोजता?"

"अर्थात! एकेक. शंभर झाले की कोच त्याला बाहेर काढतो. अंगावर जाकीट घालतो, पाठीवरून हात फिरवतो. खांद्याचा प्रश्न असतो ना."

"आणि तुमचा गुडघा काय भाड्यानं आणलाय?"

संघात त्याला सगळे 'भिंत' म्हणत, कारण त्याच्या मागे चेंडू जात नसे. भिंतीला गुडघे असतात हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, खुद्द भिंतीच्याही.

संघात पिचर चार होते, चौघांच्या सरावालाही बसायचं यानंच. दुसरा कॅचर होता, एक बेकरीवाला. मनाचा फार चांगला, पण चेंडू जवळ आला की डोळे मिटायचा.

मग तिनं फर्मान काढलं. सरावात उकिडवं बसायचं नाही, उपड्या बादलीवर बसून झेलायचं. सामन्यात पोटऱ्यांमागे फोमच्या उशा बांधायच्या, म्हणजे गुडघा पुरता मिटत नाही. बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, कुणी पळायला टपलेला नसेल तेव्हा एक गुडघा टेकून बसायचं, गुडघा आलटून-पालटून. रोज मांडीचे आणि कमरेचे व्यायाम. खेळ झाला की वीस मिनिटं बर्फ. शेवटी ड्रॉवर उघडून तिनं एक यंत्र काढलं, दारावर उभं राहून गर्दी मोजणाऱ्याच्या हातात असतं तसलं, एकदा दाबलं की आकडा एकानं पुढे जाणारं.

"खेळताना बसलात की एकदा दाबायचं. दिवसाला ऐंशी. वहीत लिहून दर सोमवारी दाखवायचं."

"आणि एक्क्याऐंशी झाले तर?"

"तर माझ्याकडे यायचं नाही."

त्यानं यंत्र मुठीत धरलं. "ही शिक्षा जरा जास्तच होतेय," तो म्हणाला, आणि लंगडत बाहेर गेला. तिला तो गेल्यावर दोन मिनिटांनी उमगलं, की हे उपचारांबद्दल बोलणं नव्हतं. तोवर जिन्यावर कट्ट... कट्ट... सुरू झालं होतं. ते तिनं तळमजल्यापर्यंत ऐकलं. व्यवसायाचा भाग म्हणून.

*

तीन सोमवार झाले. वहीत अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, चौऱ्याहत्तर असे आकडे, अक्षर टपोरं, ओळी पट्टीनं आखल्यासारख्या. बादलीवर बसल्याबद्दल संघानं त्याला 'महाराज' म्हणून मुजरे केले, तेही त्यानं सोसलं.

घेर मात्र साडेएकोणचाळीस. पुन्हा साडेएकोणचाळीस. तिसऱ्यांदाही तेच.

तिनं टेप टेबलावर आपटली. "तुम्ही खोटं लिहिता."

तो उठून बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी?"

"मग कोण, वही?"

"रविवारी सामना आहे," तो शांतपणे म्हणाला. "या. स्वतः मोजा."

ती गेली. तिसऱ्या रांगेत, हातात आपलं स्वतःचं यंत्र घेऊन बसली. शेजारी मावशी, छत्री आणि शेंगदाण्यांची पुडी. सकाळी पडून गेलेल्या सरीनं गवत ओलं होतं, आणि प्रत्येक चेंडू त्याच्या हातमोज्यात शिरताना ओल्या टॉवेलचा फटका बसावा तसा आवाज येत होता. बसला, टिक. उठला. बसला, टिक.

माणूस मोजायचा तर त्याच्यावरून नजर हलवून चालत नाही. त्यामुळे तिला नाइलाजानं बरंच काही दिसलं. बसण्याआधी तो फलंदाजाला काहीतरी हळूच सांगतो आणि फलंदाज हसतो. जाळीचा मुखवटा काढला की कपाळावर केसांची एक ओली बट चिकटलेली असते. अंपायरनं झाडलेली होम प्लेट, म्हणजे फलंदाजापुढची जमिनीतली पांढरी पाटी, हा पुन्हा तळव्यानं पुसतो, तिच्या कडेवरून अंगठा फिरवून बघतो, सरळ आहे ना... आणि त्याचे डोळे. तेही तिनं त्या दिवशी पाहिले. तपकिरी होते. एवढ्यावर थांबू.

सातव्या डावात तो उठला आणि मुखवटा बेकरीवाल्याच्या हातात दिला. तिच्या यंत्रावर ऐंशी. सामन्यानंतर त्यानं आपलं यंत्र पुढे धरलं. ऐंशी.

"कोण जिंकलं गं?" मावशीनं शेंगदाण्यांची सालं झटकत विचारलं.

"ऐंशी," ती म्हणाली.

मावशीनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला पाकीट न फोडता मजकूर कळतो.

"माफ करा," ती त्याला म्हणाली. "खरंच चुकलं माझं. पण मग तुमचा गुडघा सुजवतंय कोण?"

"ते तुम्ही शोधायचं. मी नुसतं बसायचं आणि दाबायचं."

"शोधणार. सोडणार नाही मी त्याला."

"गुडघ्याला ना?"

"तुम्ही गप्प बसा."

तिनं खरोखरच पिच्छा पुरवला. त्याचे बूट पालथे करून तळवे तपासले. पलंग किती उंच, सायकलची सीट किती खाली, झोपतो कुठल्या कुशीवर, असे बेचाळीस प्रश्न विचारले. त्रेचाळिसावा तेवढा राहिला.

*

बुधवारी दवाखाना बंद असे. तिची छत्री आत राहिली होती, म्हणून ती दुपारी आली. दार उघडं. टेबल भिंतीला लावलेलं, त्यावर मावशी पाय वर घेऊन बसलेली. आणि मधोमध, तिच्याकडे पाठ करून, हातात थापी घेतलेला एक माणूस उकिडवा बसला होता. त्यानं फरशी टेकवली, रबरी हातोडीनं चारी कोपरे ठोकले, उठला, दोरीवरून डोळा लावून बघितलं, पुन्हा बसला. पुन्हा उठला.

ती दारातच उभी राहिली. सवयीनं मोजत होती. चार मिनिटांत अकरा.

"तुम्ही इथे काय करताय?"

तो दचकून वळला. "फरशी बसवतोय. पोकळ होती ना! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही आडवं केलंत मला."

"आणि हे तुम्हाला येतं?"

"बारा वर्षं यावरच पोट भरतोय."

तिनं त्याच्या पँटकडे पाहिलं. मांड्यांपर्यंत पांढरी धूळ. "ही... ही मैदानावरच्या चुन्याच्या रेघांची नव्हे?"

"सिमेंट आहे. त्या दिवशी वरच्या मजल्यावर बाथरूम करत होतो."

"दिवसाला किती वेळा बसता?" तिचा आवाज चिरकला.

त्यानं प्रामाणिकपणे आठवलं. "स्वयंपाकघर असलं तर अडीचशे. बाथरूमला कोपरे फार... तीनशे धरा."

"तीनशे! आणि वहीत ऐंशी?"

"तुम्ही खेळातलं मोजा म्हणालात. हे काम आहे." तो जरासा दुखावून म्हणाला, "कामानं कधी काही होतं का माणसाला?"

ती तरातरा कपाटाशी गेली आणि त्याचं कार्ड ओढून काढलं. व्यवसाय या रकान्यात टपोऱ्या, पट्टीनं आखल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'फरशीकाम'. त्याच्या खाली दोन बोटांवर तिची स्वतःची सही.

ती मटकन खुर्चीत बसली.

"मी वाचलं होतं," मावशी टेबलावरून म्हणाली. "म्हणून तर बोलावलं भिंतरावांना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

फरशीवर बसलेल्या माणसाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. मग तीही हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्या पाण्यात थोडी शरम होती. महिनाभर तिनं एका माणसाचा गुडघा पाहिला होता. माणूस मोजायचा राहून गेला होता.

"उठा," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि ती थापी खाली ठेवा. आजपासून नव्यानं सुरुवात."

तिनं कंबर कसली. फरशी कापायचं यंत्र उंच टेबलावर, कापायचं उभ्यानं. सिमेंट कालवायचं तेही उभ्यानं. बसवताना गुडघ्यांना जाड गाद्या, आणि बुडाखाली चाकांचं बुटकं स्टूल. पंधरा मिनिटं खाली, की दहा मिनिटं उभ्याचं काम. घरी, मैदानावर, कामावर, सगळं मिळून दिवसाला ऐंशी. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी फरशीला हात लावायचा नाही.

"गिऱ्हाईक हसेल हो. म्हणेल, फरशीवाला गाडीत बसून आलाय."

"हसू दे. दहा वर्षांनी तेच गिऱ्हाईक तुम्हाला परत बोलावेल, आणि तुम्ही आपल्या पायांनी चालत जाल."

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे जे दहा वर्षांनी म्हणताय... तेव्हा मोजायला तुम्ही असाल, की मी एकटाच?"

ती टेप गुंडाळू लागली. टेप आधीच गुंडाळलेली होती.

"मोठ्या माणसांच्या रांगेत मध्येच घुसू नये," मावशी म्हणाली. "माझा चहा व्हायचाय अजून."

*

पुढच्या सोमवारी घेर एकोणचाळीस. मग साडेअडतीस. मग अडतीस. आणि मग अंतिम सामना आला, आणि त्याच्यासोबत दवाखान्यात कोच आला.

"एकच सामना," कोच म्हणाला. कुजबुजताना त्याचा आवाज फक्त दोन मजले जाई. "नऊच्या नऊ डाव भिंत हवी. मग वर्षभर त्याला कापसात गुंडाळून ठेवा."

"ऐंशी," ती म्हणाली.

"बाई, अकरा वर्षांत पहिल्यांदा अंतिम सामना खेळतोय आम्ही!"

"पिचरला एकशेदहा चेंडू टाकू देणार?"

"खांदा आहे तो!"

"आणि हा गुडघा आहे. या गुडघ्यावर तो खेळतो, आणि याच गुडघ्यावर जेवतो."

कोच गेला, दार आपटून. कोपऱ्यात बर्फ लावून बसलेला कॅचर त्या आपटलेल्या दाराकडे बघत होता. अकरा वर्षं तोही त्या सामन्याची वाट बघत होता.

"मी उद्या मोजणार नाही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "यंत्र तुमच्याकडे. गुडघाही तुमचाच. काय ते तुम्ही ठरवा."

आणि मग रात्रभर तिला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

सामन्याच्या दिवशी बारीक भुरभुर होती. भिजवत नव्हती, नुसती केसांवर बसत होती. ती तिसऱ्या रांगेत हात मांडीखाली दाबून बसली, कारण बोटं आपोआप मोजायला लागली होती. सहावा डाव. एका धावेची आघाडी. तो बसला, झेलला, उठला... आणि उठलेलाच राहिला. मुखवटा काढला.

"बस खाली!" कोचचा आवाज मैदान ओलांडून गेला.

"झाले," तो म्हणाला.

"काय झाले?"

"ऐंशी."

सगळ्या रांगांतून आरडाओरडा उठला. कुणीतरी 'भिंत पडली!' म्हणून ओरडलं. तो मान ताठ ठेवून चालत गेला, बेकरीवाल्याच्या छातीवरचे पट्टे स्वतः आवळून दिले, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्याच्या जागी पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. नियम त्यांच्या संघाला तशी अदलाबदल करू देत होता. लोक देत नव्हते. तिथपर्यंतचं अंतर नव्वद फूट असतं. त्या दिवशी ते फार लांब दिसलं.

गोष्टीत अशा वेळी संघ जिंकतो. हा संघ हरला. आठव्या डावात बेकरीवाल्यानं डोळे मिटले, चेंडू मागे गेला, दोन धावा झाल्या. संपलं.

*

मैदान रिकामं झालं तरी ती तिसऱ्या रांगेतच होती. तो वर चढून आला. पिशवी खांद्यावर, केस भिजलेले.

"माझ्यामुळे..." तिनं सुरुवात केली.

"आधी खाली उतरू. बोलायचं नाही. ऐकायचं."

अठरा पायऱ्या होत्या. तो पुढे, ती चार पायऱ्या मागे. बुटांचा आवाज. पत्र्यावर भुरभुरीचा आवाज. लांब कुठेतरी गाडी सुरू झाल्याचा आवाज. पाच... दहा... सतरा... अठरा.

तो वळला. "किती?"

तिनं नुसती मान हलवली. एकदाही नाही.

"हरल्याचं वाईट वाटतंय?" तिनं विचारलं.

"वाटतंय. खूप वाटतंय." तो खरं तेच बोलत असे, वहीतही, बाहेरही. "पण सोमवारी एक स्वयंपाकघर आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सामने आहेत. दोन्हीकडे चालत जायचंय." त्यानं खिशातून यंत्र काढून तिच्या हातात दिलं. "हे घ्या. परत करतोय."

तिनं आकडा पाहिला आणि भुवया चढल्या. "एक्क्याण्णव? ऐंशी म्हणून ओरडलात तिथे!"

"ऐंशीच बसलो. वरचे अकरा बसण्याचे नाहीत."

"मग कशाचे?"

"पहिल्या बेसवरून तिसरी रांग दिसते," तो हातमोज्याची वादी उगाच सोडत-बांधत म्हणाला. "बघितलं की दाबायचं... सवय लागलीय हो मोजायची. तुम्हीच लावलीत."

ती आकड्याकडे बघत राहिली. "अकराच?"

"मध्ये मध्ये खेळही होता ना."

ती हसली. मग एकदम वळून होम प्लेटकडे चालू लागली. प्लेटच्या मागे, तो बसायचा तिथे, ती उकिडवी बसली. स्कर्ट गोळा केला, हनुवटी वर केली.

"काय करताय?"

"बघतेय. तुम्हाला इथून काय दिसतं ते."

"सगळे आपल्याकडे तोंड करून उभे असतात," तो तिच्यासमोर येऊन म्हणाला. "मैदानात एकटा कॅचरच उलट्या बाजूला बघतो. त्याला सगळं दिसतं. त्याला मात्र कुणी बघत नाही."

"मी बघते," ती म्हणाली. मग, "हो."

"काय हो?"

"तुम्ही विचारणार आहात त्याला."

"अहो, मी अजून विचारलं नाही!"

"मग विचारा ना लवकर!"

त्यानं विचारलं. उभ्यानंच विचारलं, कारण ऐंशी झाले होते. शब्द साधेच होते, मध्ये दोनदा अडखळला, एकदा 'दहा वर्षांनी' म्हणायचं तिथे 'दहा फरश्यांनी' म्हणाला. भुरभुर थांबली होती. ओल्या गवतावर तिरकं ऊन पसरलं होतं, होम प्लेट धुवून निघाली होती, आणि तिच्या पापण्यांवर एकेक थेंब चमकत होता.

"हो," ती पुन्हा म्हणाली. आणि मग, अगदी हळू, पहिल्यांदाच एकेरीत, "ऐक ना..."

तो खाली वाकला. "बोल."

"जरा हात दे. पायाला मुंग्या आल्यात, उठता येत नाहीये."